एक गुडघा

आमच्या सासूबाईंचं एक वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. "लोकांच्या सुना पायावर उभ्या राहतात, माझ्या दोन्ही चाकांवर." हे त्या कौतुकाने म्हणतात की कपाळाला हात लावून, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. त्या शनिवारी मात्र दारात उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "दोघी चाललात, दोघी परत या." आणि धाकटीच्या मुलीचा हात धरून आत गेल्या.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती अँब्युलन्स चालवते, म्हणून टीममध्ये तिचं नाव सायरन. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे आणि जीभ जरा जास्त चालते, म्हणून मी कैची. आमच्या खेळात प्रत्येकीला असं एक नाव असतं, पाठीवर रंगवलेलं. खरी नावं घरी ठेवून यायची.

खेळ सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. लंबगोल ट्रॅक, पायात चार-चार चाकांचे स्केट्स आणि दोन्ही बाजूंच्या पाच-पाच बायका. चौघींनी भिंत करायची. पाचवीने समोरच्यांच्या भिंतीत खांद्याने, कंबरेने वाट काढून पुढे निसटायचं, ट्रॅकला वळसा घालून परत यायचं, आणि मग समोरच्या जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. हात लावायचा नाही, कोपर मारायचं नाही. बाकी काय ते तुमच्या हाडांवर. त्या पाचवीच्या हेल्मेटवर चांदणी शिवलेलं कापडी आवरण असतं. भिंतीतल्या एकीच्या हेल्मेटवर पट्टा असतो, ती मी. ऑफिसात पट्टेवाला असतो तशी मी पट्टेवाली, आणि काम साधारण तेच, साहेबांसाठी दार उघडायचं. चांदणी फारच अडकली तर ती आवरण काढून पट्टेवालीच्या हातात देऊ शकते. मग पट्टेवालीच चांदणी होते. पण देणारीने आपल्या हाताने द्यायला हवं. डोक्यावरून ओढून घेतलं तर पेनल्टी.

त्या आवरणाला आम्ही टोपी म्हणत नाही. "मी तिला टोपी घातली" असं कुणी म्हणालं की बाकीच्या विचारतात, कितीला? म्हणून ते टोपडं. शिवते मीच. सायरनच्या मुलीसाठी झबली-टोपडी शिवली होती, तोच बेत मोठा करून पहिलं टोपडं बेतलं, आणि नाव तिथूनच चिकटलं. सायरनने ते आजवर कुणाला दिलेलं नाही. भिंतीत अडकून श्वास लागला, नाकातून रक्त आलं, तरी नाही. मी पन्नासदा हात पुढे केला असेल. "जाऊबाई, घरात सगळं तुमचं," ती म्हणायची, "हे तेवढं माझं राहू दे."

आणखी एक गोष्ट. कुणाला लागलं की शिट्टी होते आणि ट्रॅकवरच्या सगळ्या जणी, आपल्या असोत की परक्या, जिथे असतील तिथे एक गुडघा टेकून बसतात. लागलेली उठून उभी राहिली की टाळ्या, मग बाकीच्यांनी उठायचं. नवी असताना मी फणकारले होते, "गुडघे टेकायला आपण काय हरलोय?" आमच्या कोच शांतपणे म्हणाल्या, "हरल्यावर दोन टेकतात. आपण एकच टेकायचा, लगेच उठता येतं." मला ते पटलं नव्हतं, पण गुडघ्याला सवय लागली. एकदा दुकानात एक गिऱ्हाईक पायरीवरून घसरलं, तर त्याला उचलायच्या आधी मी खाली बसले होते.

त्या आठवड्यात मंगळवारी सरावात सायरनचं डोकं जमिनीवर आपटलं. हेल्मेट होतं, उठली, हसली. बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात दिवा न लावता चहा करत होती. उजेड डोळ्यांत खुपतो म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

"मीच दिवसभर माणसं डॉक्टरकडे पोचवते. मला नका शिकवू."

"शनिवारी खेळू नकोस मग."

तशी ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे वळली. "शनिवारी जिंकलो तर वरच्या गटात जातो. चार वर्षं त्या रोडरोलरचा मार खातोय आपण. आणि डोक्याला लागलंय असं कुठे बोललात, तर माझी गाडीसुद्धा काढून घेतील. कुणाला बोलू नका."

मला गप्प बसवणं सोपं नाही, पण मी गप्प बसले. मलाही जिंकायचं होतं.

रोडरोलर म्हणजे समोरच्या टीमची भिंत. अख्खी भिंत ती एकटीच होती, बाकीच्या तिघी रंग दिल्यासारख्या. सामना ज्या हॉलमध्ये होता तो पूर्वी बर्फाचा कारखाना होता, अजूनही भिंतींना हात लावला की गार लागतं. पहिल्या अर्ध्यात रोडरोलरने आमच्या एका पोरीला असं उडवलं की ती टेपच्या बाहेर, ट्रॅकची कड ओलांडून थेट प्रेक्षकांच्या पायाशी जाऊन पडली. शिट्टी झाली. सगळ्यांच्या आधी गुडघा टेकला तो रोडरोलरने. मान खाली, हात मांडीवर, जणू दुसऱ्याच कुणी मारलं होतं. पोर उठली, टाळ्या झाल्या, रोडरोलर उठली आणि पुढच्याच फेरीत तिने मला आडवं केलं. मी पडल्या पडल्या तिला जे बोलले ते पंचबाईंनी ऐकलं आणि मला पेनल्टी मिळाली. एकूण सहा झाल्या माझ्या, चार धक्क्यांच्या आणि दोन जिभेच्या. सातवी झाली की सरळ बाहेर. पंचबाई मला म्हणाल्यासुद्धा, "कैची, यापुढे तुझं तोंड दिसलं तरी शिट्टी वाजवीन."

दुसऱ्या अर्ध्यात रोडरोलरचा खांदा सायरनला लागला. ती आडवी झाली आणि शिट्टी व्हायच्या आत उठूनही उभी राहिली. डोकं आपटलं का ते मला दिसलं नाही. मी शोधत होते, तरी दिसलं नाही. फेरी संपल्यावर सामन्यासाठी नेमलेल्या डॉक्टरीणबाई आमच्या बाकापाशी आल्या. तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना.

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"महिने उलटे म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर," सायरन घडाघडा जानेवारीपर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत टॉर्च मारला, बोट फिरवलं आणि मान हलवली. खेळू शकते.

माझा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. सायरन माझ्याकडे झुकून म्हणाली, "आईंनी पोरीला खायला दिलं असेल ना?"

"दिलं असेल की. त्या काय विसरतात?"

तिने पाणी पिऊन तोंड पुसलं आणि पुन्हा माझ्याकडे झुकली. "आईंनी पोरीला खायला दिलं असेल ना?"

आई आहे, काळजी वाटते, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात आमची हाक आली.

शेवटची फेरी. आम्ही तीन गुणांनी मागे. आणि नशीब असं उघडलं की समोरच्यांची चांदणी पेनल्टीच्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणजे ती बसून असेपर्यंत ट्रॅकवर गुण मिळवणारी एकच, आमची सायरन. आमच्या कोच बाकावर चढून उभ्या राहिल्या. एवढं सोपं ताट चार वर्षांत कुणी वाढलं नव्हतं.

मी भिंतीत उभी राहून मागे वळून पाहिलं. सायरनच्या डोक्यावर टोपडं होतं, पण चांदणी नव्हती. माझीच शिवण मला दिसत होती, पांढऱ्या दोऱ्याची, कडेची. तिने टोपडं उलटं घातलं होतं.

"उलटं घातलंयस! चांदणी आत गेलीय!" मी ओरडले. चांदणी दिसत नसेल तर गुण धरत नाहीत, हे आमच्यातल्या नवख्या पोरीलाही माहीत असतं. सायरनने हसून मला अंगठा दाखवला. शिट्टी झाली.

ती निघाली. पाय नेहमीसारखेच चालत होते, ते कसे, मला अजून कळत नाही. डोकं जाग्यावर नसताना पायांना कोण सांगत होतं? तिने भिंतीला पहिली धडक दिली, मागे आली, दुसरी दिली. गुण धरायला पंचबाईंचा हात काही वर होईना. प्रेक्षक ओरडत होते, आमच्या कोच ओरडत होत्या, "सायरन, टोपडं! टोपडं!" तिला काही पोचत नव्हतं. मी भिंत सोडून तिच्यापाशी मागे आले आणि हात पुढे केला.

"दे."

खरं सांगते, त्या क्षणी मी तिच्यासाठी मागत होते आणि गुणांसाठीही मागत होते. दोन्हीसाठी एकच हात होता.

आणि तिने दिलं. आधी स्केट्स थांबवले. गर्दीच्या मधोमध, सगळ्या जणी खांद्याला खांदा घासत असताना, ती सरळ उभी राहिली. टोपडं काढलं, निरखून पाहिलं, त्याची कड हाताने सारखी केली आणि दोन्ही हातांनी माझ्या तळव्यावर ठेवलं.

"घाला तिला," ती म्हणाली. "कानात वारा जाईल."

तेव्हा मला शिवणीचा अर्थ कळला. तान्ह्या बाळाला आपण टोपडं उलटंच घालतो, शिवण बाहेर, कोवळ्या डोक्याला टोचू नये म्हणून. मीच तिला दवाखान्यात दाखवलं होतं ते, मुलगी झाली तेव्हा.

मी पंचबाईंकडे पाहून ओरडले, "थांबवा! हिला लागलंय!" पण तोंडात दातांचं रबर, हॉलमध्ये गोंगाट, आणि ओरडणारी मी. पंचबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं सकाळपासून सहा वेळा पाहिलं होतं. माझ्या जिभेने दिवसभर जे पेरलं, ते तेव्हा उगवलं. लागलेलं माणूस त्यांना दिसेना, कारण ते दोन पायांवर उभं होतं.

समोर आतल्या कडेला वाट उघडली होती. रोडरोलर ती जागा सोडून सायरनच्या दिशेने आडवी निघाली होती, खांदा खाली घालून. तिला काय माहीत? तिच्या लेखी सायरन म्हणजे सायरन. भिंतीत दार सताड उघडं होतं, टोपडं माझ्या हातात होतं, घड्याळात वेळ होता. टोपडं सुलटं करून डोक्यावर ओढायला किती लागतं? निसटायचं, एक वळसा, आणि चौघींना मागे टाकायचं. बाकावरून कोच कोकलत होत्या, "घाल! घाल!" माझे पाय निघालेही होते, हे मी लपवणार नाही. पायाने एक रेटा दिला मी.

मग मागे सायरन उभी आहे हे आठवलं. हात लोंबलेले, मान ढिली, चेहऱ्यावर पाळण्यापाशी असतं तसं हसू.

मी एक गुडघा टेकला.

शिट्टी नाही, कुणी पडलेलं नाही, खेळ चालू, आणि मी ट्रॅकच्या मधोमध टोपडं मुठीत धरून, हात वर करून बसले. असा वेडेपणा कुणी केलेला मी पाहिला नव्हता. पण रोडरोलरच्या गुडघ्याने माझा गुडघा पाहिला. तिने विचार केला असेल असं मला वाटत नाही, विचार करायला वेळच नव्हता. खांदा तसाच खाली होता आणि पायच मोडल्यासारखा वाकला. गुडघ्याचं पॅड लाकडी जमिनीवर करकरत घासत ती सायरनच्या स्केट्सपर्यंत आली आणि थांबली. तिच्या हेल्मेटमध्ये आणि सायरनच्या पोटात वीतभर अंतर असेल. मग तिच्या टीमच्या बसल्या. मग आमच्या. दोन्ही बाकांवरच्याही बसल्या. कोण पडलंय ते शोधत सगळ्या माना इकडेतिकडे वळत होत्या.

आता कुठे शिट्टी झाली. एरवी एक जण आडवी असते आणि बाकीच्या बसलेल्या. त्या दिवशी सगळ्या बसल्या होत्या आणि जिला लागलं होतं ती एकटी उभी होती.

पंचबाई माझ्यापाशी आल्या. लालबुंद झाल्या होत्या. "कुणाला लागलंय? तुला?"

"तिला."

"ती उभी आहे, कैची."

"तेच तर!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि सायरनच्या समोर उभ्या राहिल्या. "आज वार कोणता?"

"शनिवार," सायरन म्हणाली.

"महिने उलटे?"

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." एकही महिना चुकला नाही. मागून कुणीतरी, आमच्यातलंच, पुटपुटलं, "घालवला सामना." पंचबाईंनी माझ्याकडे बोट करून सातवी पेनल्टी सांगितली. मी चुकले असेन तर? नुसतीच दमली असेल, थट्टा केली असेल, तर? ही माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

"डॉक्टर, हे प्रश्न तिच्या रोजच्या कामाचे आहेत," मी म्हटलं. "रस्त्यावर पडलेल्या प्रत्येकाला ती हेच विचारते. झोपेतसुद्धा उत्तर देईल."

"मलाही उत्तरं जरा जास्तच पटकन वाटली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारा."

मी गुडघ्यावरूनच हात वर केला आणि मूठ उघडली. "हे काय आहे गं?"

"तिचं टोपडं," सायरन म्हणाली, अगदी सहज. "अजून हातातच? घाला म्हटलं ना."

"कुणाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाळाचं."

"बाळ केवढं आहे?"

मुलगी दुसरीत आहे. सायरन हसली, नव्या आईला कुणी भलतंच विचारल्यावर ती हसते तशी. "एवढंसं आहे हो. अजून मानसुद्धा धरली नाही तिने."

दोन्ही हात तिच्या हेल्मेटच्या बाजूंना लावून डॉक्टरीणबाईंनी तिची मान धरली आणि हलू नकोस म्हणाल्या. स्ट्रेचर आलं. तिला झोपवलं तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी हुंदका दिला, वळून बघते तर रोडरोलर. एवढी मोठी बाई, गुडघा टेकून, नाक मनगटाच्या पॅडला पुसत होती.

टाळ्या उठून उभं राहिलेल्यासाठी वाजवतात. त्या दिवशी कुणाला काही सुचेना. स्ट्रेचर दारातून बाहेर गेल्यावर एकीने वाजवल्या, मग सगळ्यांनी. रोडरोलरने सायरनचे स्केट्स काढून अँब्युलन्सपर्यंत आणून दिले. अँब्युलन्सचा ड्रायव्हर सायरनच्या ओळखीचा निघाला. तिने त्याला झोपूनच सांगितलं की क्लच हळू सोड.

डोक्यात थोडा रक्तस्राव झाला होता. थोडाच, आपोआप जिरेल, हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. मग ते डॉक्टर चष्मा काढून असंही म्हणाले की मंगळवारचं एक, आजचं एक, त्यावर आणखी एक बसलं असतं तर तुमच्याशी मी वेगळं बोलत असतो. मी भिंतीला टेकले आणि घाबरले. तोपर्यंत घाबरायला सवड मिळाली नव्हती. बुधवारी स्वयंपाकघरात दिवा लावला असता आणि तिला फरफटत नेलं असतं तर, हे मी अजून रोज म्हणते.

सासूबाईंचा फोन आला. काय झालं हे त्यांना आधीच कळलं होतं, दिरांनी सांगितलं असावं. तरी त्यांनी एवढंच विचारलं, "दोघी येताय ना?"

"येतोय, आई. उशीर होईल, पण दोघी येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायरनने डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे ओळखीचे होते. पडदा ओढलेला होता, तरी तिने हाताने उजेड अडवला.

"जिंकलो?"

"हरलो. तीन गुणांनी."

मग तिची नजर माझ्या मांडीवर आली. टोपडं तिथेच होतं, रात्रभर हातात धरून चुरगळलेलं, शिवण बाहेर.

"हे तुमच्याकडे कसं? ओढून घेतलंत?"

"तू दिलंस."

"मी? शक्यच नाही, जाऊबाई. मी मेले तरी देणार नाही."

"माहीत आहे गं," मी म्हटलं. "तू दिलंस, तेव्हाच कळलं मला."

तिने हात पुढे केला. मी टोपडं सुलटं केलं, चांदणी वर आणली आणि तिच्या हातात दिलं.